पाच वर्षांचा बाँड आणि महिन्याचे पंचवीस तास

नांदेडची मुलगी, वय २३. हातात सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना), लॉगबुकात उड्डाणाचे २०५ तास, घरावर ४५ लाखांचं कर्ज. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस तिला एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीचं ऑफर लेटर आलं: एटीआर ७२ (छोटं, पंख्याचं विमान), ट्रेनी फर्स्ट ऑफिसर (शिकाऊ सहवैमानिक), दहा दिवसांत होकार कळवा. ती माझ्या थोरल्या आत्तेबहिणीची मुलगी. मी नोकरीची बहुतेक वर्षं एका विमान कंपनीत वैमानिकांचे रोस्टर लावण्यात घालवली, त्यामुळे ते कागद तिने मला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "मामा, घ्यावी का?"

तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण मांडतोय. कंपनी ओळखू येईल असे आकडे थोडे हलवले आहेत, प्रमाण तेच ठेवलंय.

घरची बाजू

दाजींचं वजिराबादेत कापडाचं दुकान आहे. मुलीला फ्लाइंग स्कूलमध्ये घातलं तेव्हा माहितीपत्रकात 'पंधरा महिन्यांत सीपीएल' छापलेलं होतं. लागले सत्तावीस. पावसाळ्यात उड्डाणं बंद, विमानं कमी, मध्येच इन्स्ट्रक्टर सोडून गेले. देशातल्या बऱ्याच शाळांची हीच रड आहे. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएला सीपीएलसाठी किमान २०० तास लागतात आणि ते २०० तास भरता भरता घरचा जीव मेटाकुटीला येतो. कर्ज १५ वर्षांचं, व्याज साडेदहा टक्के, हप्ता जवळपास ५० हजार. सवलतीची मुदत त्याच दिवाळीत संपत होती.

एवढं असूनही दाजींचा पहिला शब्द 'नको' हाच होता, आणि त्याला कारण होतं. २७ एप्रिल २०१७ रोजी छोट्या शहरांना जोडणाऱ्या उडान योजनेची पहिली उड्डाणं सुरू झाली तेव्हा सिमला-दिल्ली विमानाबरोबर ट्रूजेटच्या नांदेड-हैदराबाद आणि कडप्पा-हैदराबाद सेवाही सुरू झाल्या. पुढे मुंबईचंही विमान आलं. दाजी खरेदीला त्या एटीआरने गेले आहेत. २०२२च्या सुरुवातीला ट्रूजेट बंद पडली. नंतर २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडला पुन्हा विमान आणलं, पण मधली दोन वर्षं त्या माणसाच्या मनातून गेली नाहीत. "आमच्या डोळ्यादेखत आली न् गेली की ती कंपनी. त्यात कुणाच्या तरी लेकरांनी बाँड भरलेच असतील ना?"

बाँड म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला ठरलेली रक्कम भरण्याचा करार. आमच्या घरात या विषयावर विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. त्याच्याकडे पुढे येतो.

छोट्या कंपन्या बुडतात हे खरंच आहे. एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, एअर कोस्टा २०१७ मध्ये, एअर डेक्कनचा दुसरा अवतार २०२० मध्ये. पण मोठ्यांचं काय? किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट मे २०२३. जेटच्या अवसायनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, म्हणजे शेवटच्या उड्डाणानंतर साडेपाच वर्षांनी. तोवर थकलेले पगार थकलेलेच. तेव्हा 'छोटी म्हणजे धोका, मोठी म्हणजे सरकारी नोकरी' हा हिशेब मला पटत नाही. छोट्या कंपनीचा धोका वेगळ्या जागी असतो आणि तो बराचसा आधी दिसतो.

उडानचंच घ्या. रूट मिळालेल्या कंपनीला तोटा भरून काढायला अनुदान मिळतं, पण तीन वर्षं. २०२३ मध्ये आलेल्या कॅगच्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही चालू राहिले ते फक्त ५४. म्हणून कंपनी किती गावांना जाते, यापेक्षा तिच्या कोणत्या रूटची तीन वर्षं कधी संपतात हे विचारावं. भाचीने बसून तक्ता केला. या कंपनीचे निम्म्याहून जास्त रूट पुढच्या दीड वर्षात अनुदानाबाहेर येणार होते. त्यातल्या दोनांवर विमान भरून जात होतं, बाकी रामभरोसे.

दाजींचा दुसरा मुद्दा थांबण्याचा. "एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. हजार विमानं कोण उडवणार? थांब जरा." व्हॉट्सअ‍ॅपवर हे गणित फार फिरतं. विमानं टप्प्याटप्प्याने दहा-बारा वर्षांत येतात हे एक. शिवाय आपल्याकडे टंचाई असते ती कॅप्टनची. २०० तासांच्या मुलांची रांग लागलेली आहे. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने सोळाशेच्या वर सीपीएल दिले. त्या रांगेत काही न उडवता उभं राहायचं तरी पैसे लागतात: दरवर्षी मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता यंत्रांवर उडवण्याची परवानगी) जिवंत ठेवायला तपासणी, वर हप्ता.

पंचवीस तास

ऑफर लेटरमध्ये पगाराखाली लिहिलं होतं, 'दरमहा ७० तासांपर्यंत उड्डाण अपेक्षित'. नव्या पायलटसाठी पगारापेक्षा ही ओळ मोलाची. एटीपीएल या वरच्या परवान्याला एकूण १५०० तास लागतात आणि एटीपीएलशिवाय कॅप्टनची खुर्ची नाही. तिला १२९५ तास हवे होते. महिन्याला ७० धरले तर साडेअठरा महिने. तिच्या डोक्यात दीड वर्ष पक्कं बसलं होतं.

रोस्टरवाल्या माणसाचं लक्ष अशा ओळीतल्या 'पर्यंत' या शब्दावर आधी जातं. कंपनी ७० देऊ शकते का, हे बाहेर बसूनही काढता येतं. डीजीसीए दर महिन्याला कंपनीनिहाय आकडे प्रसिद्ध करतं: किती उड्डाणं, किती तास, किती प्रवासी, किती रद्द. आम्ही मागचे सहा महिने काढले. कंपनीची संपूर्ण विमानं मिळून सरासरी १०५० तास उडत होती.

आता हे तास वाटून घेणारी डोकी किती? हे डीजीसीए सांगत नाही, तिथे काम करणारी मुलं सांगतात. भाचीच्या बॅचमेटच्या ओळखीने दोन फर्स्ट ऑफिसरशी बोलणं झालं. रिलीज झालेले, म्हणजे ट्रेनिंग संपवून नियमित उडणारे, २४; लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या उड्डाणांवर ट्रेनर कॅप्टनशेजारी शिकणारे, १०. विमानात फर्स्ट ऑफिसरची उजवी खुर्ची एकच असते, त्यामुळे ट्रेनी उडतो तेव्हा त्याचे तास याच १०५० मधून जातात. १०५० भागिले ३४, म्हणजे ३१ तास. वर हिच्या बॅचचे आठ जण. ४२ डोकी, २५ तास.

त्यातल्या एकाला तिने सरळ विचारलं, गेल्या महिन्यात किती उडलास? तो म्हणाला, "अठ्ठावीस. पण सिनियर आहे म्हणून."

२५ तासांनी १२९५ भरायला ५२ महिने लागतात. दीड वर्षाची सव्वाचार वर्षं झाली, आणि कंपनीने खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं.

असं का होतं? कागदावर विमानं सहा होती. त्यातलं एक मोठ्या तपासणीसाठी हँगरमध्ये, एक सुट्या भागांची वाट बघत उभं. मोठ्या कंपनीची दोन विमानं जमिनीवर असली तर कुणाला कळतही नाही, इथे एक तृतीयांश ताफा गेला. उडणारी चार विमानं खरं तर चांगली राबत होती, प्रत्येकी महिन्याला २६० तासांच्या वर. सहाही उडाली तर १५७५ होतील, माणशी साडेसदतीस, आणि तिचे तास तीन वर्षांत भरतील. म्हणजे तिच्या करिअरचं जवळपास दीड वर्ष हँगरमधल्या दोन विमानांवर अवलंबून होतं. मुलाखतीत मुलं गणवेश, बेस, हॉटेल विचारतात. 'आज सकाळी किती विमानं उडाली' हे विचारणारा मला क्वचित भेटला.

आणि कॅप्टन? विमान आहे, फर्स्ट ऑफिसर आहे, पण कॅप्टनच्या डाव्या खुर्चीला माणूस नाही म्हणून उड्डाण रद्द, हेही छोट्या कंपनीत सर्रास होतं. एटीआरचे अनुभवी कॅप्टन मोठ्या कंपन्यांच्या नजरेत असतात. डीजीसीएच्या २०१७च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस लागते, त्यामुळे गळती एका रात्रीत होत नाही एवढंच.

बाँडचं पान

दाजींच्या प्रश्नाचं उत्तर सातव्या पानावर होतं. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा आणि परवानगीचा, खर्च कंपनी करणार होती, ही जमेची बाजू. स्वतःच्या खिशातून टाइप रेटिंग करून घरी बसलेली पोरं मी बघितली आहेत. बदल्यात पाच वर्षांचा, २५ लाखांचा बाँड. आम्ही ते पान तीनदा वाचलं.

रक्कम पहिल्या दिवशी २५ लाख आणि चार वर्षं अकरा महिन्यांनीही २५ लाख. मुदत सुरू होणार 'रिलीज'च्या तारखेपासून, म्हणजे ट्रेनिंगला दीड वर्ष लागलं तर ते दीड वर्ष बाँडच्या बाहेर. जामीनदार वडील. सोबत तीन सही केलेले चेक, तारीख न घालता. आणि कंपनीनेच काढून टाकलं किंवा उड्डाणं थांबवली तर काय, यावर एक अक्षर नाही.

दाजींचे ओळखीचे वकील नांदेड कोर्टात असतात. त्यांनी सांगितलं ते असं: करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आकडा लिहिला म्हणून आकडा मिळत नाही. पण चेक वेगळा विषय. चेक न वटणं हा कलम १३८ खाली फौजदारी मामला आहे. "बाँड वाजवी की अवाजवी हे ठरायला वर्षं जातील, समन्स महिन्याभरात दुकानावर येईल." ताईचा चेहरा इथे पहिल्यांदा उतरला. तोवर ती मुलीच्या बाजूने होती.

भाचीने एचआरला ई-मेल लिहिला. भाषा माझी नाही, तिचीच, आणि चांगली होती: आभार, नोकरी हवी आहे, चार गोष्टींवर खुलासा हवा. फोन आला, "सगळ्यांनी सही केली आहे." तिने नम्रपणे पुन्हा लेखीच मागितलं. छोट्या कंपनीचा एक फायदा असा की दुसऱ्या फोनला निर्णय घेणारा माणूस लाइनवर येतो. रक्कम दरवर्षी पाच लाखांनी कमी होईल हे मान्य झालं. मुदत रिलीजऐवजी लायसन्सवर टाइप रेटिंगची नोंद झाल्याच्या तारखेपासून, हेही झालं. तीन चेकांचा एक झाला. कंपनी बंद पडल्यास बाँड रद्द, हे कलम मात्र काही केल्या घातलं नाही. 'अशा परिस्थितीत सहानुभूतीने विचार केला जाईल' असा ई-मेल आला. सहानुभूती ही काही अट नव्हे. तरी वकिलांनी तो ई-मेल छापून फाइलला लावून घेतला.

कंपनीची तब्येत बघायला आणखी दोन सोपे रस्ते आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की ताळेबंद पाहता येतो. तोटा असणारच, त्याने दचकायचं नाही. पैसा कोण घालतंय आणि थांबलाय का, ते बघायचं. दुसरा रस्ता पीएफचा. ईपीएफओच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला ते दिसतं. बुडायला लागलेली कंपनी आधी पीएफ लांबवते, मग टीडीएस, आणि पगाराची तारीख सगळ्यात शेवटी हलते. इथे भरणा वेळेवर होता. माझं मत होकाराकडे झुकलं त्यात याचा मोठा वाटा आहे.

ताईचा प्रश्न

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमध्ये एटीआर ७२ गिरक्या घेत कोसळलं, ६२ माणसं गेली. तो व्हिडिओ ताईच्या भिशीच्या ग्रुपवर आला होता. त्याआधी जानेवारी २०२३ मधलं पोखरा. "हेच विमान ना?"

उत्तर मुलीने दिलं, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, कपाटाच्या मुठी धरून. पोखऱ्यात उतरताना फ्लॅपचा दांडा ओढायचा होता, हात पडला शेजारच्या कंडिशन लिव्हरवर. दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे इंजिन चालू पण जोर शून्य. ब्राझीलमध्ये बर्फ धरण्याचं हवामान होतं. "आई, विमान तेच. पण शिकवणारं कोण आणि किती वेळ शिकवतं, त्याच्यावर आहे."

तिचं बरोबर होतं, म्हणून आम्ही तेही विचारलं. ट्रेनर कॅप्टन किती? चार. सिम्युलेटर परदेशात, पूर्ण सत्रं, घाई नाही. चार ट्रेनर आणि १८ ट्रेनी म्हणजे रिलीजला वेळ लागणार, पण शिकवणारे जुने, हजारो तासांचे लोक होते. पन्नास मिनिटांचे सेक्टर, दिवसाला चार-पाच लँडिंग, आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) नसलेल्या धावपट्ट्या, पावसाळा. एटीआरला ऑटोथ्रॉटल नसतो, पॉवर हाताने सांभाळावी लागते. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर आहे, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे जाणाऱ्या कॅप्टनशेजारी बसलेला मुलगा जे शिकतो ते जेटवर शिकायला त्याला बरीच वर्षं लागतील. एटीआरचं टाइप रेटिंग एअरबसवर चालत नाही, पुन्हा करावं लागतं, हे खरं. हात मात्र सोबत येतो.

बाकीचे रस्ते

फार नव्हते. स्वखर्चाने एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग करायचं तर आणखी कर्ज, आणि नोकरीची हमी नाही. असिस्टंट इन्स्ट्रक्टर होऊन बारामती, धुळे किंवा गोंदियाकडे शिकवायचं हा रस्ता मला बरा वाटत होता, कारण तिथे महिन्याला तास भरपूर पडतात. तिने तो लगेच नाकारला. सत्तावीस महिने ज्या वातावरणात काढले तिथे परत जायची तिची तयारी नव्हती, आणि ते कारण मला पुरेसं वाटलं.

खरी अडचण पहिल्या वर्षाची होती. ट्रेनिंगमध्ये विद्यावेतन ३५ हजार, हप्ता ५० हजार, तिकडचं भाडं-खाणं २० हजार. महिन्याला ३५ हजारांचा खड्डा. दहा महिने धरले तर साडेतीन लाख, आणि दहाचे बारा होतात. मी म्हटलं, हे साडेतीन लाख आज बाजूला काढता येत असतील तरच सही करा. महिन्याच्या महिन्याला दुकानातून काढायचे झाले तर घरात रोज भांडणं होतील. दाजींनी एक एफडी मोडली. बोलले काही नाहीत, पण होकार तोच होता.

पुढे काय झालं

ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रुजू झाली. मार्च २०२५ मध्ये लायसन्सवर नोंद झाली, रिलीज सप्टेंबरला. म्हणजे अकरा महिने. साडेतीन लाख पुरले नाहीत, थोडे वर गेले. मधल्या काळात अहमदाबादचा अपघात झाला, तेव्हा ताई दोन दिवस तिला दर तासाला फोन करत होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात नोकरीचा बाँड वैध ठरवला. रक्कम तिथे दोन लाखांचीच होती, तरी वकिलांनी दाजींना कात्रण पाठवलं, 'आता हलक्यात घेऊ नका'.

हँगरमधलं एक विमान बाहेर आलं, दुसरं अजून आत आहे. रिलीजनंतरच्या सहा महिन्यांत तिला सरासरी ३४ तास मिळाले. आमच्या २५ आणि साडेसदतीस या दोन अंदाजांच्या मध्ये. अनुदान संपलेले तीन रूट बंद झाले, त्या बदल्यात दोन नवे आले.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले होते आणि माणसं कमी पडली. दिवसा उडणाऱ्या एटीआरला त्या नियमांचा फारसा फटका नाही, पण भरतीच्या बातम्यांनी वारं फिरलं. तिच्या कंपनीतल्या दोन कॅप्टननी नोटीस दिली. ते वर्षभराने जातील आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही तर तिचे तास तिशीच्या खाली येतील.

एका मोठ्या कंपनीच्या भरतीत अर्ज करावा का, हे आता तिच्यापुढे आहे. आज सोडलं तर बाँडचे २० लाख, सहा महिन्यांची नोटीस आणि तिकडे नवं टाइप रेटिंग, नवा बाँड. थांबली तर या वेगाने १५०० तास २०२८च्या मध्यावर भरतील. तेव्हा बाँडचे १० लाख उरलेले असतील आणि एटीआरच्या कॅप्टनची खुर्ची समोर असेल. मोठ्या कंपनीत २०२८ साली ती बहुधा अजून उजवीकडेच बसलेली असेल, पगार जास्त घेऊन. दाजी आता 'थांब' म्हणतायत, ताई 'जा' म्हणते. भाचीने मला पुन्हा डीजीसीएचे आकडे मागितले आहेत, या वेळी दोन्ही कंपन्यांचे.